प्रभाताईंची कर्दळ

प्रभाताईंच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला चहा उशिरा मिळायचा. आधी झाडाचा घाम बघावा लागायचा. मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, वर गच्ची, आणि गच्चीवर कुंड्यांची ही दाटी! आलेल्या पाहुण्याला त्या थेट तिथे न्यायच्या, कर्दळीच्या एखाद्या पानावर पारदर्शक पिशवी चढवायच्या, देठाशी दोऱ्याने घट्ट बांधायच्या आणि म्हणायच्या, "बसा आता. जरा सबर करा." थोड्या वेळाने पिशवी आतून धुरकट व्हायची, मग थेंब दिसायला लागायचे. "बघा, आला की नाही पसीना! तुमच्यासमोर पितंय आणि तुमच्यासमोर उडवतंय." पाहुणा चकित झाला की मग चहा. मी काही चकित झाले नाही. बँकेतून थेट भाड्याची खोली बघायला आले होते, उन्हाने डोकं उठलं होतं. म्हटलं, "झाडाला घाम येतो हे मी चौथीतच शिकलेय. आधी चहा द्या." त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला. खोली मला त्याच दिवशी मिळाली.

मी सांगलीची. बँकेने बनारसला बदली केली तेव्हा आईने तोंडाला पदर लावला होता, जसं काही मी काशीवासच घ्यायला निघाले होते. प्रभाताईंचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलं. त्यांचे कोणी पूर्वज पाठशाळेत शिकवायला आले आणि इथेच राहिले. त्या स्वतः मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगा दूरदेशी. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. "अलका, परेशान नको होऊस, खिडकी बंद कर, लू लागेल तुला." मी म्हणायची, "प्रभाताई, या एका वाक्यात मराठी किती आणि हिंदी किती, ते सांगा." त्या फटकन म्हणायच्या, "आणि तू बोलतेस तेव्हा शेजारची मिश्राइन मला विचारते, सवेरे-सवेरे झगडा कशाचा चाललाय!" असं आमचं जमलं. माझं लग्न-बिग्न काही झालं नव्हतं, त्यांनाही बोलायला कोणी नव्हतं. रविवारी त्या निघाल्या की मी पिशव्या उचलून मागे.

रविवारी जायचं कुठे, तर वरुणा नदीच्या पलीकडे, शहर संपतं तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहात. तिथल्या न्हाणीघरांचं आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात साचायचं. वास, डास, काही विचारू नका. प्रभाताईंनी संस्थेच्या सचिवांच्या मागे लागून तिथे एक लांबट उथळ हौद बांधवून घेतला, त्यात खडी आणि वाळू भरली आणि वर कर्दळ लावली. पाणी एका टोकाने खडीखाली शिरायचं, मुळांमधून हळूहळू सरकायचं आणि दुसऱ्या टोकाच्या नळीतून बाहेर पडायचं. "घाण झाड नाही खात गं," त्या मला समजवायच्या, "झाडाच्या मुळांशी राहणारे जीव खातात. झाड फक्त त्यांना घर देतं." मला पंपाबिंपाशिवाय हे चालतं याचंच नवल. पहिल्या हिवाळ्यात नळीतून पाणी आलं ते असं निवळ, की प्रभाताईंनी ते काचेच्या ग्लासात धरून सगळ्या मुलींना दाखवलं. एकीने "प्यायचं का?" विचारलं तेव्हा तिच्यावर ओरडल्यासुद्धा. "पागल आहेस का! हे पेडांसाठी."

ते पाणी जायचं रामदुलारच्या शेतात. वसतिगृहाच्या कुंपणाखाली उतारावर त्याचा तुकडा होता. स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा, अर्ध्या वाट्याने केलेला. त्यात तो बेला लावायचा. बेला म्हणजे आपला मोगरा. उन्हाळ्यात त्याला बहर येतो, लग्नसराईही तेव्हाच, आणि रामदुलारच्या घरचं वर्ष त्या दोन महिन्यांवर निघायचं. अडचण पाण्याची. गावाच्या ट्यूबवेलवर त्याची पाळी होती, पण पाळी येईपर्यंत कळ्या सुकायच्या. प्रभाताईंच्या नळीचं पाणी सगळा हिवाळा त्याच्या सऱ्यांत खेळलं आणि बेला असा काही तरारला की बाकीचे माळी बघायला यायचे.

माघात एकदा आम्ही बांधावर बसून मटार सोलून खात होतो. रामदुलारने विचारलं, "बहिनजी, ई पानी जेठो में आई न?" म्हणजे, ऐन उन्हाळ्यातही येणार ना?

"आएगा," प्रभाताई म्हणाल्या. "लड़कियाँ नहाना थोड़े ही छोड़ देंगी! मेरी ज़बान है, रामदुलार."

त्याने ट्यूबवेलची पाळी चुलतभावाला देऊन टाकली. एकदा सोडलेली पाळी त्या हंगामात परत मागता येत नाही, असा तिथला रिवाज. त्याच्या बायकोला हे पटलं नव्हतं. पण तो म्हणाला, बहिनजींनी सांगितलंय ना, मग झालं.

आता, प्रभाताईंना झाड किती पाणी पितं हे ठाऊक नव्हतं का? त्यांना? पाहुण्याचा चहा थांबवून पानाचा घाम दाखवणाऱ्या बाईला? सगळं ठाऊक होतं. होळी झाली की अर्धी कर्दळ जमिनीलगत कापायची, पानं कमी म्हणजे पिणारी तोंडं कमी, हे त्यांनीच मला हौदाच्या काठावर उभं राहून सांगितलं होतं. कोयत्याला धारही लावून आणली होती. मधे आली ती चैत्रगौर.

काशीतल्या मराठी घरांत चैत्रगौरीचं हळदीकुंकू महिनाभर आळीपाळीने चालतं. गौर झोपाळ्यावर बसते, पुढे आरास, आंब्याची डाळ, पन्हं. त्या वर्षी पहिलंच हळदीकुंकू संकठा घाटाजवळ मनोरमाकाकूंकडे होतं. मनोरमाकाकू म्हणजे तिथल्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. प्रभाताई लाल-पिवळ्या कर्दळीची मोठी टोपली घेऊन गेल्या. काकूंनी फुलं बघून आधी कौतुक केलं, मग विचारलं, "कुठली गं ही?" प्रभाताईंनी खरं ते सांगितलं. झालं! बायकांनी नाकाला पदर लावले.

"गटाराची फुलं देवीला?" मनोरमाकाकू कडाडल्या. "प्रभा, तुझं शास्त्र तुझ्यापाशी. माझ्या गौरीला नको."

"काकू," प्रभाताई म्हणाल्या, "तुमच्या बागेतल्या गुलाबाला खत कशाचं घालता हो? अत्तराचं?"

मला हसू फुटलं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण प्रभाताई तिथे थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून काकूंना वसतिगृहात घेऊन गेल्या. हौद दाखवला, वास येतो का विचारलं, नळीचं पाणी दाखवलं, रामदुलारचा बेला दाखवला. काकू हट्टी खऱ्या, पण न्यायाच्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "उद्या पाठव टोपली." आणि एकदा काकूंच्या गौरीपुढे कर्दळ बसली म्हटल्यावर काय, सगळ्या घरांना हवी! रोज कोणाकडून तरी फोन. प्रभाताई हरखून गेल्या होत्या. साऱ्या आयुष्यात कॉलेजबाहेर त्यांचं शास्त्र कोणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि आता ते चांदीच्या ताटातून घरोघर फिरत होतं. मी एकदा आठवण केली, "कापायची होती ना कर्दळ?" त्या म्हणाल्या, "अगं, फुलावर आलेली कशी कापू? गौर उठू दे. अक्षय्य तृतीयेनंतर बघू."

त्या वर्षी लू लवकर सुटली. पश्चिमेकडून भट्टीसारखा वारा, भोवती सगळं करपलेलं, आणि मधे तो एकच हिरवागार हौद. कर्दळ पुरुषभर उंच झालेली, पानं टोपलीएवढी. वारा येईल तसा त्यांच्यातून पाणी ओढून नेत होता. तेवढ्यात मुलींच्या परीक्षा संपल्या आणि त्या घरी गेल्या. लड़कियाँ नहाना नहीं छोड़ेंगी असं प्रभाताई म्हणाल्या होत्या ना, लड़कियाँ वसतिगृहच सोडून गेल्या! वरून येणारं पाणी घटलं, पिणारी झाडं तेवढीच. नळीची धार करंगळीएवढी झाली, मग नुसती ठिबकायला लागली.

त्याच सुमाराला संस्थेने पाणी तपासून घेतलं आणि सचिवांनी प्रभाताईंना बोलावलं. मीही गेले. सचिव सज्जन माणूस, पण काळजीत. बोलणं हिंदीतच झालं, मी आपल्या भाषेत सांगते. ते म्हणाले, "मॅडम, हिवाळ्यापेक्षा पाणी घाण निघालंय. साबणाचे क्षार तर कितीतरी वाढलेत. आपला हौद काम करेनासा झाला का?"

प्रभाताई सरसावून बसल्या. मला त्यांचा तो आवेश अजून दिसतो. "घाण वाढलेली नाही, पाणी कमी झालंय," त्या म्हणाल्या. "वरून किती पाणी आत गेलं आणि खाली किती निघालं, ते आधी मोजा. एक बादली घाण पाणी गेलं आणि एक लोटा बाहेर आलं, बाकीचं झाडांनी हवेत सोडलं. लोट्यात घाण दाट दिसणारच. एकूण घाणीचा हिशेब केलात तर हौदाने तिचा मोठा भाग खाल्लाय. उलट पाणी आत जास्त वेळ राहिल्यामुळे जास्तच खाल्लाय. क्षार तेवढे कोणी खात नाही, ते होते तेवढेच राहिले. आमटी आटली की खारट लागते ना? मीठ काय कोणी वरून घातलेलं असतं?"

सचिवांचा चेहरा उजळला. "म्हणजे हौद बरोबर चाललाय!"

"एकदम बरोबर," प्रभाताई म्हणाल्या. आणि पुढे काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मला वाटलं, चक्कर आली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"अलका," त्या मराठीत म्हणाल्या, "ती आटलेली आमटी मी रामदुलारच्या बेल्याला पाजतेय गं."

आम्ही तशाच उतारावर पळालो. रामदुलार बांधावर उकिडवा बसला होता. बेल्याच्या पानांच्या कडा विस्तवाने चाटल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या, कळ्या न उमलताच खाली गळून पडल्या होत्या. सऱ्यांच्या कडेला पांढरा थर धरला होता. "पानी कम आवत हौ, बहिनजी," तो म्हणाला, "अउर जौन आवत हौ, ऊ लागत नाहीं हौ." पाणी कमी येतंय, आणि येतंय तेही मानवत नाहीये. बस, एवढंच. एक शब्द जास्त नाही. मी त्याच्या जागी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं! त्याची बायको मात्र झोपडीच्या दारातून आमच्याकडे बघत होती, आणि तिने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

प्रभाताईंनी कोयता मागवला आणि भर दुपारी स्वतः हौदात उतरल्या. त्यांचं वय काय, ऊन काय! मी ओरडले, हात धरला, ऐकेनात. फुललेली कर्दळ त्यांनी आडवी केली. पण जमिनीत उतरलेले क्षार काही कोयत्याने कापता येत नाहीत. ट्यूबवेलची पाळी दुसऱ्याची झालेली. त्यांनी टँकर मागवून बघितला, रामदुलारच्या चुलतभावाकडे जाऊन हात जोडले. त्याने एक पाळी दिली, पण त्याचंही शेत होतं, तो तरी किती देणार. लग्नसराई निघून गेली. शहरात बेल्याच्या माळा विकल्या जात होत्या, त्या दुसऱ्यांच्या शेतातल्या.

पाऊस पडल्यावर बेला पुन्हा फुटला असता. पण जमिनीचा मालक तेवढा थांबला नाही. वाटा मिळाला नाही म्हणून त्याने तुकडा रामदुलारकडून काढून घेतला आणि लग्नाचं लॉन करायला देऊन टाकला. रामदुलार शहरात ई-रिक्षा चालवायला लागला.

प्रभाताईंनी हे जिवाला लावून घेतलं. मी किती समजावलं. म्हटलं, लू तुम्ही सोडली का? मालक तुम्ही आणला का? त्या म्हणायच्या, "लू दरवर्षी येते, अलका. मी काय काशीत नवीन आहे? मला फुलांची वाहवा हवी होती."  गच्चीवर पाहुण्यांना नेणं त्यांनी बंद केलं. एकदा कोणा नातलगाच्या मुलीने हट्ट धरला, "आजी, पसीना दाखव ना," तर म्हणाल्या, "त्यात बघायचं काय? पितं आणि उडवतं. खालच्याला काय उरतं ते बघायला पाहिजे होतं." आणि आत निघून गेल्या. पुढच्या चैत्रात मनोरमाकाकूंनी आठवणीने कर्दळ मागवली. प्रभाताईंनी निरोप पाठवला, यंदा बाजारातली आणा.

कारण त्या होळीला त्यांनी खरंच अर्धा हौद भुंडा केला होता. राहिलेल्या अर्ध्याला पश्चिमेकडून बांबूची उंच तट्टी बांधली, लूचा मारा अडावा म्हणून. अर्धी कर्दळ वाढली की ती कापायची, तोवर दुसरी अर्धी फुटायची. मुली सुट्टीवर गेल्यावर पाणी कमी येणार हे धरून सगळं नव्याने मोजलं. रोज सकाळी त्या बसने तिकडे जायच्या. गुडघे दुखायचे, तरी जायच्या. मी चिडायची, "कोणासाठी हे? खाली तर आता लॉन आहे!" त्या चपला घालून निघायच्या.

आणि जेठात पाणी आलं. ऐन लूमध्ये नळीतून बारीक पण सलग धार. तपासलं, क्षार बेताचे. बेल्याला सहज चाललं असतं. लॉनवाल्यांना ते नको होतं, त्यांनी आपली बोअर मारली होती. धार कुंपणाखालून वळून रस्त्याकडेच्या नाल्यात पडत होती. प्रभाताई नळीपाशी उभ्या राहून ते बघत होत्या. सचिव अभिनंदन करायला आले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि पुन्हा नळीकडे वळल्या.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. निमोनियाचं निमित्त झालं. मुलगा वेळेवर पोहोचला, सगळं रीतसर झालं. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनींनी सभा घेतली, त्यात हौदाचं खूप कौतुक झालं. दुसऱ्या संस्थेने तसाच हौद बांधल्याचंही कोणी सांगितलं. मी मागे बसून ऐकत होते. मला सांगायचं होतं ते त्या सभेत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

जेठात पाणी आलं, त्याच दिवशीची गोष्ट. परत येताना मैदागिनच्या चौकात प्रभाताई म्हणाल्या, "रामदुलार इथेच कुठेतरी असतो म्हणतात. बघू." मी म्हटलं, "कशाला जखमेवर मीठ?" तर म्हणाल्या, "त्याला सांगायला नको?" बरीच शोधाशोध केली. शेवटी तोच हाक मारत आला, "बहिनजी!" वाळला होता, पण हसला. आम्हाला रिक्षात बसवलं, सीट गमछ्याने पुसून दिली. गर्दीतून वाट काढताना प्रभाताईंनी पुढे वाकून सांगितलं, "रामदुलार, पानी आ गया. जेठ में."

त्याने रिक्षा बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळला. चेहऱ्यावर खरा आनंद होता, अगदी खरा. मी टोमणा शोधत होते, तो कुठेच नव्हता. "हम त मेहरारू से कहले रहलीं, बहिनजी," तो म्हणाला. "बहिनजी कहले हईं, त आई." मी बायकोला म्हटलंच होतं, बहिनजी म्हणाल्यात, तर येईल.

प्रभाताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

रिक्षा पुन्हा चालू झाली. थोडं पुढे गेल्यावर त्याने, नजर रस्त्यावर ठेवून, सहज विचारावं तसं विचारलं, "अब ऊ पानी कहाँ जात हौ, बहिनजी?"



"नाले में," प्रभाताई म्हणाल्या.

रामदुलारने मान हलवली. घाटाच्या गल्लीपाशी त्याने आम्हाला उतरवलं, प्रभाताईंना हाताला धरून पायरी चढवून दिली आणि गिऱ्हाईक शोधायला परत वळला. त्या मात्र पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून लहान मुलीसारख्या रडल्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.